दाऊदचाचांचा पंजा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. शारजात खिडकी कितीही घट्ट लावा, आठवड्याभरात कठड्यावर वाळू दिसतेच. तसेच हेही साठतात. मग एखाद्या दिवशी कुणीतरी बोट फिरवतं आणि तुम्ही सुरू होता!

परवा शुक्रवारी अल नहदाच्या आमच्या फ्लॅटवर दोस्तमंडळी जमली होती. नातू सोफ्यावर लोळत फोनवर एक जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा बघत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. सैनिक रांगेनं बसलेत, एक नटी माइकसमोर गातेय, ती गेली की जादूगार येतो, तो गेला की दोघं बूट आपटत नाचतात. पाच मिनिटांत पठ्ठ्यानं बंद केला.

"दादा, देअर इज नो स्टोरी!"

मी म्हटलं, "अरे, त्या सिनेमात स्टोरी नसायचीच. आमच्याकडं स्टोरी मशीनच्या मागं असायची."

"व्हॉट मशीन?"

आता याला कुठून सुरुवात करून सांगणार! म्हणून दोस्तांना सांगितलं. तुम्हीही ऐका. फक्त मध्ये बोलू नका, मला धागा सापडत नाही मग.

* * *

साठचं दशक. तेव्हा हे टॉवर कुठले! इथं वाळू आणि काटेरी झुडपं. शारजात ब्रिटिशांचा लष्करी कॅम्प होता आणि त्या कॅम्पात आम्ही कोकणातले बरेच जण नोकरीला. मी स्टोअरमध्ये क्लार्क. अक्षर बरं, म्हणून सगळ्यांची घरची पत्रं मीच लिहायचो आणि मीच वाचून दाखवायचो. त्यामुळं वय बावीस असूनही मी 'मास्तर'. मेसमध्ये कूक होते गनीभाई, श्रीवर्धनचे. आणि सिनेमाचं मशीन चालवायला दाऊदचाचा, हर्णैच्या बाजूचे. चाळिशीला टेकलेला माणूस, बोलायचे कमी. पण एकदा ठरवलं की "खलास!" म्हणायचे आणि तो विषय तिथंच संपायचा. सार्जंटनं बोलून उपयोग नाही, कॅप्टननं बोलून उपयोग नाही.

सिनेमा उघड्यावर. दोन खांबांना बांधलेला पांढरा पडदा, त्यापुढं ऑफिसरांच्या खुर्च्या, मग सोल्जरांची बाकं, मग टेबलावर मशीन आणि मशीनच्या मागं वाळूत आम्ही. पडद्याच्या पलीकडं तारेचं कुंपण, तिथं गावातली अरब मंडळी येऊन बसायची. सूर्यास्ताची मगरीबची नमाज झाली की सुरू, रात्रीच्या इशाच्या नमाजाआत बंद.

सिनेमे मात्र ठरलेले. बहारीनहून विमानानं आठवड्याला एक पेटी यायची. आमच्या वाट्याला कुठल्यातरी गोदामात पडून राहिलेला माल. सगळे लढाईच्या काळातले व्हरायटीचे सिनेमे! सोल्जरांचं मनोरंजन करायला मोठमोठे फिल्मस्टार येतात, गातात, नाचतात, विनोद करतात, शेवटी सगळे उभं राहून सलाम करतात, की संपलं. लढाई संपून वीस वर्षं झाली होती, पण आमच्या पडद्यावर चालूच.

पहिला सिनेमा बघायला गनीभाई लवकर भांडी आवरून आले. लढाईचा सिनेमा आहे म्हटल्यावर खुशीत होते. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. मध्येच एका जाड्या माणसानं ट्रम्पेट वाजवलं. गनीभाई मला कोपरानं ढोसायचे.

"मास्तर, लढाई कधी?"

"येईल हो."

तिसरं गाणं, चौथं गाणं, मग कुत्र्यांची कसरत. शेवटी दिवे लागले, सोल्जर उठले. गनीभाई बसूनच.

"झालं?"

"झालं."

"आयला! आणि हे लोक जिंकले कसे?"

* * *

एकदा पेटीत रिळांच्या डब्यांवरचे नंबर पुसले गेले होते. कुठलं पहिलं, कुठलं शेवटचं, काही पत्ता लागेना. सार्जंट घाबरला. वेलफेअरचा, म्हणजे सोल्जरांची करमणूक बघणारा सार्जंट, उंच, टाचा न टेकवता चालणारा. म्हणाला, "दाऊद, आज कॅन्सल करू."

चाचांनी डबे एकावर एक रचले, हाताला येईल त्या क्रमानं. "सर, स्टोरीच नाही, तर बिघडेल काय? आज शो होणार. खलास!"

आणि शो झाला. सुरुवातीलाच फिल्मस्टारांनी हात हलवून सोल्जरांचा निरोप घेतला, डोळे पुसले, रेल्वेत बसले. मग तासभर गाणी म्हटली. आणि सगळ्यात शेवटी त्याच रेल्वेतून उतरून "आम्ही आलो हो!" म्हणून ओरडले. सोल्जरांनी टाळ्या पिटल्या. सार्जंट म्हणाला, आतापर्यंतचा बेस्ट पिक्चर!

मी गनीभाईंना विचारलं, "तुम्हाला काही खटकलं नाही? आधी गेले, मग आले?"

"त्यात काय खटकायचं? आपले पाहुणे तसंच करतात. आधी 'निघतो' म्हणतात, मग तासभर बसतात!"

* * *

कॅम्पच्या गेटवर अबू सालेम नावाचे एक म्हातारे गृहस्थ पहाऱ्याला असायचे. इथलेच, दाढी मेंदीनं रंगवलेली, सिनेमाचे शौकीन. बसायचे पडद्याच्या पलीकडं, कुंपणाशी, त्यांच्या लोकांबरोबर. एक दिवस चाचांना गेटवर अडवून म्हणाले, "दाऊद, मी आता येणार नाही. खलास."

चाचांचाच शब्द चाचांना! "का हो? काय झालं?"

"त्या बाईला तमीज नाही. सोल्जरांना केक वाटते, तोही डाव्या हातानं! काल बघितलं, परवा बघितलं. सगळे डाव्या हातानंच देतात, डाव्या हातानंच घेतात. असल्यांना बघायचं मला नको."

चाचांच्या लक्षात आलं. पडद्याच्या पाठीमागून बघितलं की उजवं ते डावं दिसणारच! त्यांनी समजावलं. हिंदीत सांगितलं, तोडक्या अरबीत सांगितलं, हातवारे केले. म्हातारा ऐकेना. शेवटी चाचांनी त्याच संध्याकाळी अबू सालेमना मनगटाला धरून कुंपणाच्या आत आणलं, सार्जंटची परवानगी न विचारता ऑफिसरांच्या खुर्च्यांशेजारी सतरंजी घातली आणि तेच रीळ पुन्हा लावलं.

बाई आली. केकचं ताट आलं. बाईनं उजव्या हातानं केक उचलला आणि उजव्या हातानं दिला.

अबू सालेमांनी दोन्ही हात वर केले. "अल्हम्दुलिल्लाह! शिकली बिचारी!"

तेव्हापासून त्यांची सतरंजी पुढंच राहिली.

* * *

आता पंजाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या सिनेमांत मुके फार. गाणं संपत आलं, व्हायोलिन वर चढलं की कुणीतरी कुणाचातरी मुका घेणारच. पहिल्यांदा तसा सीन आला तेव्हा गावातली वयस्क मंडळी पलीकडून उठून चालती झाली. चाचांनी ते बघितलं. दुसऱ्या वेळी व्हायोलिन चढलं आणि चाचांनी मशीनच्या भिंगापुढं सरळ आपला उजवा पंजा धरला! पडदा काळा. नुसतं म्युझिक. तळहातावर उजेड हलतोय आणि चाचा तोंड फिरवून समुद्राकडं बघतायत. बोलून चालून मुका, तो बघायचा कशाला? मनात दहा मोजले आणि हात काढला.

सोल्जरांनी शिट्ट्या मारमारून कॅम्प डोक्यावर घेतला. सार्जंट धावत आला.

"दाऊद! हात काढ!"

"नाही सर."

"दिस इज ॲन ऑर्डर!"

"सर, तिकडं म्हातारी माणसं बसलीत. माझ्या मशीनवर हे चालणार नाही. खलास."

"मग मशीन मी चालवतो!"

"यल्ला, चालवा."

सार्जंटनं मशीन चालवलं. दीड मिनिट! मग फिल्म मशीनमधून बाहेर यायला लागली ती थांबेचना. वाळूत शेवयांचा ढीग पडावा तसा ढीग. सार्जंट त्यात घोट्यापर्यंत उभा. चाचा शांतपणे बाजूला बसून चहा पीत होते. चहा संपल्यावर उठले, फिल्म पुसून गुंडाळली, पुन्हा लावली. त्यानंतर त्या कॅम्पात पंजा म्हणजे कायदा. पुढंपुढं सोल्जरांनाही त्याची मजा वाटायला लागली. व्हायोलिन चढलं की सगळी बाकं एका सुरात ओरडायची, "पंजा! पंजा!" गोऱ्या पोरांना तो एकच हिंदी शब्द यायचा बहुतेक.

* * *

पण चाचांची एक गोष्ट मला कोड्यात टाकायची. नटी गात असली की सगळे नटीकडं बघायचे. चाचा तिच्याकडं ढुंकून बघायचे नाहीत. सिनेमातले सोल्जर समोर बसून ऐकतायत, टाळ्या वाजवतायत असा शॉट आला की मात्र डोळे फाडून बघायचे. पुढं वाकायचे. ओठ हलायचे, जणू माणसं मोजतायत.

एक दिवस त्यांच्या अम्माचं पत्र मी वाचून दाखवत होतो. दर पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची : 'हसनचा सिनेमा आला का?' मी विचारलं, "चाचा, हा हसन कोण?"

चाचांनी माझ्या हातातलं पत्र घेतलं, घडी केली, खिशात ठेवलं. मग बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

हसन म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. लढाईत मालवाहू जहाजावर खलाशी होता. विलायतेच्या एका बंदरातून त्याचं पत्र आलं. इथल्या कॅन्टीनमध्ये सिनेमाचं शूटिंग झालं, एक मोठी फिल्मस्टार आम्हा जहाजवाल्यांसाठी आणि सोल्जरांसाठी गायली, मीसुद्धा सिनेमात आलोय, आपल्याकडं आला तर बघा. एवढंच पत्र. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या खतीबांनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, अख्खा मोहल्ला ऐकायला. त्यानंतर जहाजही आलं नाही आणि हसनही नाही.

"फोटो?" मी विचारलं.

"घरात एकही नाही. एकच काढला होता, खलाशाच्या ओळखपुस्तकावर. तो त्याच्याबरोबर गेला. अम्मा म्हणते, डोळे मिटले की त्याचा आवाज येतो, चेहरा येत नाही. म्हणते, मी आई असून पोराचा चेहरा विसरले. रडते. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, डॉक्टर म्हणतो वय झालंय, कापायचं नाही. दिसतंय तोवर तिला तो चेहरा दाखवायचाय मला. म्हणून हे मशीन शिकलो, मास्तर. मुंबईत शिकलो, एडनला चालवलं, आता इथं. सिनेमाचं नाव ठाऊक नाही, बाईचं नाव ठाऊक नाही. पण असले सिनेमे येतात तिथं मी जाणार, आणि तो सापडणार. खलास."

त्या दिवसापासून मीही नटीकडं बघायचं सोडलं. तीन आठवडे चाचांबरोबर माणसं मोजली. हसन दिसतो कसा हे मला माहीत नव्हतं, तरी मोजली.

* * *

एका गुरुवारी सकाळपासून शमाल सुटला. उत्तरेचा वारा, तोंडात वाळू, डोळ्यांत वाळू, गनीभाईंच्या डाळीतसुद्धा वाळू. सार्जंटनं शो रद्द केला. पेटी दुसऱ्या दिवशीच्या विमानानं परत जाणार होती, सिनेमा नवा होता, बघायचा राहून जाणार होता.

संध्याकाळी मला मशीनचा आवाज आला. जाऊन बघतो तर मशीनवर कांबळं, कांबळ्यात चाचा, फक्त भिंग बाहेर. पडदा शिडासारखा फुगतोय, नटीचं तोंड कधी लांब कधी रुंद. खुर्च्या रिकाम्या, बाकं रिकामी. मीही कांबळ्यात घुसलो.

थोड्या वेळानं सार्जंट तोंडावर रुमाल बांधून आला. "दाऊद, आर यू मॅड? पब्लिक कुठाय?"

चाचांनी मान वरसुद्धा केली नाही. "पब्लिक पडद्यात आहे सर."

सार्जंटला काय कळलं कोण जाणे. मी मग दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये त्याला सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यापासून बहारीनला जाणाऱ्या मागणीच्या कागदावर त्याच्या हाताची एक ओळ दिसायला लागली : खलाशी आणि सोल्जरांच्या कॅन्टीनमधले जुने सिनेमे असतील तर आधी आम्हाला पाठवा, पुन्हा पाठवले तरी चालतील.

* * *

गनीभाईंचा एक किस्सा मध्येच सांगून टाकतो, नाहीतर ते वर बसून रागावतील.

सिनेमे बघून सोल्जरांना हुक्की आली, आपणही व्हरायटी शो करू! ज्याला जे येतं ते त्यानं करायचं. कुणी माउथ ऑर्गन वाजवला, कुणी पत्त्यांची जादू केली. मग कुणीतरी गनीभाईंना पुढं ढकललं. गनीभाईंनी ॲप्रन काढला, कानावर हात ठेवला आणि आमच्याकडं हळदीला बायका म्हणतात ते गाणं सुरू केलं. बारा कडवी! दुसऱ्या कडव्याला सोल्जर ताल धरायला लागले, पाचव्याला बाकांवर चढले, शेवटी वन्स मोअर!

कॅप्टन खूश. म्हणाला, "काय जोश आहे! हे तुमचं युद्धगीत का?"

गनीभाई घाम पुसत म्हणाले, "येस सर. सासू आणि सून."

* * *

आता शेवटचा.

मशीनचा दिवा बदलताना चाचांचा उजवा तळहात चांगलाच भाजला. दवाखान्यात मोठं बँडेज बांधलं, आठवडाभर हात वापरायचा नाही म्हणून बजावलं. शो तर आजच. सार्जंट म्हणाला, मास्तर चालवेल. चाचांनी मला शिकवलं होतंच. निघताना मला म्हणाले, "फिल्म नीट बसव. आणि व्हायोलिन चढलं की पंजा विसरू नको."

"नाही विसरणार, चाचा."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चाचा पुढं जाऊन बसले. सार्जंटनं त्यांना आपल्या शेजारची खुर्ची दिली. दुसऱ्या बाजूला सतरंजीवर अबू सालेम. सिनेमा आधी दोनदा येऊन गेलेला होता, कॅन्टीनचाच. चाचांनी दोन्ही वेळा एकूण एक चेहरा बघितला होता आणि सोडून दिला होता. तरी बसले, पुढं वाकून.

मी घाबरलेला. सगळं लक्ष मशीनच्या दात्यांकडं, फिल्म तुटू नये म्हणून. चौथं गाणं लागलं. नटी गात गात स्टेजवरून खाली उतरली, टेबलांमधून फिरायला लागली. व्हायोलिन चढलं.

"पंजा! पंजा!" बाकं ओरडली.

माझा हात मशीनमध्ये अडकलेला! एक सेकंद गेला, दोन गेले, मग मी धडपडत पंजा धरला. पडदा काळा झाला.

आणि पुढून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

"हात काढ!"

मला वाटलं, उशीर झाला म्हणून कुणी रागावलंय. मी पंजा आणखी घट्ट धरला.

"मास्तर, हात काढ! हात काढ म्हणतो ना!"

चाचा होते. उभे. बँडेजवाला हात वर. ज्या माणसानं सार्जंटची ऑर्डर मोडून पंजा धरला, तो माणूस सगळ्या कॅम्पादेखत ओरडत होता. बाकं एकदम गप्प झाली. मी हात काढला, पण तोवर नटी स्टेजवर परत गेली होती.

"मागं घे," चाचा म्हणाले.

मी रीळ मागं घेतलं. पुन्हा लावलं. व्हायोलिन चढलं. या वेळी कुणी ओरडलं नाही. नटी रांगेनं बसलेल्या पोरांच्या गालांचे मुके घेत निघाली. एक गोरा सोल्जर, दुसरा गोरा सोल्जर, तिसरा. आणि चौथा एक काळासावळा, बारीक, मोठ्या कानांचा, खलाशाची टोपी घातलेला. बाईनं त्याची हनुवटी धरली आणि गालाचा मुका घेतला. त्यानं लाजून डोळे मिटून घेतले आणि हसला. तोंडभर हसला.

"हसन," चाचा म्हणाले.

सार्जंट उभा राहिला. मग पुढच्या सगळ्या खुर्च्या उभ्या राहिल्या. आम्ही तो तुकडा पाच वेळा लावला. अबू सालेमांनी एकदाही मान फिरवली नाही. पाचव्या वेळी डोळे पुसत म्हणाले, "माशाल्ला. लाजाळू आहे पोरगा."

चाचा मशीनपाशी आले. माझ्या खांद्याला धरून उभे राहिले आणि रडले. "दोनदा आला होता, मास्तर. दोनदा घरी आला होता तो. मीच झाकला. माझ्या हातानं." बाईनं मुका घेतला, एवढंच हसननं पत्रात का लिहिलं नाही, हे मी विचारलं नाही. खतीब मोठ्यानं वाचणार, मोहल्ला ऐकणार! काय लिहिणार होता बिचारा?

दुसऱ्या दिवशी पेटी परत जायची होती. सार्जंट म्हणाला, विमानात जागा नाही. विमान तर आमच्यासमोर रिकामंच उडालं. कॅम्पात फोटोचं एक डिपार्टमेंट होतं, तिथं त्यानं स्वतः उभं राहून त्या एका चौकटीचा मोठा फोटो करून घेतला. पोस्टकार्डाच्या दुप्पट, स्वच्छ. हसनचं हसू स्वच्छ आणि गालावर बाईही स्वच्छ.

आता पंचाईत. असला फोटो अम्माला पाठवायचा कसा? मेसमध्ये टेबलावर फोटो ठेवून आम्ही तिघं बसलो. गनीभाईंनी मासे साफ करायची कात्री आणली. चाचांनी डाव्या हातात कात्री धरली, इकडून लावून बघितली, तिकडून लावून बघितली. बाईला कापायचं तर हसनचा गाल कापला जातो! शेवटी त्यांनी कात्री खाली ठेवली.

"जाऊ दे. आहे तसा पाठव. आता मी काही झाकणार नाही. खलास."

मी पाकिटावर पत्ता घातला. सोबत चार ओळी लिहिल्या, की अम्मा, हसन सापडला, हा बघ. बाईबद्दल काही लिहिलं नाही. तेवढं धाडस आमच्या तिघांत मिळूनही नव्हतं.

महिन्यानं उत्तर आलं. शाळेच्या मास्तरांच्या अक्षरात, पण बोल अम्माचे. चाचांचं बँडेज सुटलं होतं, तळहाताची कातडी नवी, गुलाबी. ते खांबाला टेकून उभे. गनीभाई कणीक मळत होते. मी वाचायला लागलो.

'दाऊदला अम्माची दुआ. फोटो पोचला. हसनच आहे. कान बघ, तुमच्या बाबांचे. मी सकाळी दारात उजेडाला धरून बघते, दुपारी परत बघते. आता डोळे मिटले तरी दिसतो. तू मला सांगितलं नाहीस की त्यानं लग्न केलं होतं. मी रागावले नाही. सून गोरी आहे. डोक्यावर पदर नाही, चारचौघांत नवऱ्याला असं कुणी धरत नाही, शेजारणी बोलतात. बोलू देत. माझ्या पोराला परमुलखात एकटं ठेवलं नाही तिनं. वीस वर्षं मी तेच घोकत होते की शेवटी त्याच्याजवळ कुणी नव्हतं. ती कुठं असेल तिथं तिला माझा सलाम कळव. आणि विचार, हसन माझ्याबद्दल काही बोलायचा का?'

पत्र संपलं. गनीभाईंचे हात कणकेत तसेच राहिले.

मी नवा कागद घेतला, पेन उघडलं. "चाचा, काय लिहू? खरं लिहू?"

चाचा आपल्या तळहाताकडं बघत होते. मग मूठ मिटली.

"लिही, भाभींनी सलाम सांगितलाय. म्हणाल्या, हसन रोज अम्माच्या हातच्या सांदणांची आठवण काढायचा."